अणुयुद्ध भडकलंच तर: सोलापुरातल्या घरासाठी पहिल्या चौदा दिवसांची तयारी

७ मे २०२५ ला देशभर सायरनचे सराव झाले, त्या रात्री साखर पेठेत आमच्या कट्ट्यावर एकच विषय होता. खरंच अणुबॉम्ब पडला तर काय करायचं? एक जण म्हणाला, गाडी काढायची आणि सरळ शेत गाठायचं. दुसरा म्हणाला, आधी गच्चीवर जाऊन कुठं काय झालंय ते बघायचं. तिसऱ्यानं आयोडीनच्या गोळ्यांचा विषय काढला. तिन्ही उत्तरं चुकीची, आणि पहिल्या दोघांच्या उत्तरानं जीवच जायचा. तेव्हापासून मी घराघरांत हेच सांगत फिरतोय. आता लिहूनच काढतो.

आज ९ देशांकडे मिळून १२ हजारांच्या आसपास अण्वस्त्रं आहेत. बॉम्ब आपल्या डोक्यावरच पडला तर या लेखाचा उपयोग नाही. पण सोलापूरपासून पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे, मुंबई चारशे. तिकडं काही झालं तर आपल्यापर्यंत स्फोटाचा धक्का येणार नाही, आली तर धूळ येईल. स्फोट जमिनीलगत झाला की माती वितळून वर ओढली जाते, तिला किरणोत्सारी द्रव्यं चिकटतात आणि ती वाऱ्याबरोबर वाहत जाऊन राखेसारखी, बारीक वाळूसारखी खाली बसते. या धुळीपासून वाचणं सामान्य माणसाला जमण्यासारखं आहे, फक्त कामांचा क्रम चुकता कामा नये.

## टप्पा १: खोली आजच ठरवा

धूळ दोन ठिकाणी साठते, छतावर आणि घराभोवतीच्या जमिनीवर. तिचे किरण भिंतीतून आत येतात. त्यांना अडवतं ते वजन. ढोबळ हिशोब असा: ६ सेंटिमीटर काँक्रीट, ९ सेंटिमीटर ठोकून बसवलेली माती किंवा १८ सेंटिमीटर पाणी, यातलं काहीही एक मधे आलं की किरणांचा मारा निम्मा होतो. तेवढीच जाडी पुन्हा वाढली की पाव. म्हणजे ५ इंची स्लॅब मारा पावावर आणतो, ९ इंची विटांची भिंत साधारण आठव्या भागावर. पत्रा काहीच अडवत नाही.

आता आपल्या गावाकडं बघा. माझ्या आजोळी मंगळवेढ्याजवळ माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर आहे. गेल्या दिवाळीत टेप लावून मोजलं. दगडमातीची भिंत २ फूट ४ इंच, लादणीवरची माती जवळपास एक फूट. एक फूट माती म्हणजे तीनदा निम्मं आणि वर थोडं, छतावरचा मारा दहाव्या भागावर. भिंतीतून तर शंभरावा भागही येत नाही. ज्या घराला भावंडं "पाडून स्लॅब टाकू" म्हणतायत, ते या कामाला स्लॅबपेक्षा सरस आहे.

पण डोळे झाकून माळवदात शिरू नका. तुळयांना वाळवी लागली असेल, लादणी झुकली असेल किंवा पावसाळ्यात गळत असेल, तर ते छत डोक्यावर यायला अणुबॉम्ब लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला जड माती-दगडाच्या घरांनी काय केलं, ते आपल्या भागाला सांगायला नको.

पसंतीचा क्रम असा ठेवा:

१. पक्क्या इमारतीचं तळघर, किंवा जुन्या वाड्याचं तळघर, बळद. हवा येती-जाती आहे ना ते बघा.
२. चार-पाच मजली इमारतीच्या मधल्या मजल्यावरची आतली खोली, बोळ किंवा जिन्याखालची जागा. सगळ्यात वरचा आणि तळमजला टाळा.
३. धड अवस्थेतलं माळवद, त्यातलं माजघर.
४. एकमजली स्लॅबच्या घरातली मधली खोली, जिला बाहेरची भिंत कमीत कमी आहे.

कारखान्याचा पत्र्याचा शेड, विडी घरकुलातली पत्र्याची वाढीव खोली, रिक्षा, चारचाकी, तंबू, मांडव या जागा निवाऱ्यात मोजू नका. अक्कलकोट रोडला पाळीवर असणाऱ्यांनी शेडजवळची स्लॅबची इमारत आजच हेरून ठेवावी. ऑफिसची, गोडाऊनची, कुणाचीही चालेल.

खोली कमी पडत असेल तर बाहेरच्या भिंतीला आतून ज्वारीची पोती, पाण्यानं भरलेले बॅरल, पुस्तकांची कपाटं लावा. चादरी-टॉवेलच्या गाठी असतील तर त्याही. कापूस हलका असतो, पण दाबलेल्या गाठीला वजन असतं. छतावर मात्र मातीची पोती चढवायची हौस नको.

सावध: धान्याच्या पेवात किंवा पडक्या विहिरीत लपायचा विचार करू नका. पेवात प्राणवायू नसतो. उतरलेला माणूस हाक मारायच्या आत गुदमरतो, त्याला काढायला उतरलेलाही जातो.

तपासा: ठरवलेल्या जागेत मधोमध बसा. तिथून आकाश दिसतंय का? दिसत असेल तर जागा बदला.

## टप्पा २: पाणी

यात सोलापूरकराला कुणी शिकवायचं? नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून प्रत्येक घरी हौद, बॅरल, घागरी, गच्चीवर टाकी. साठा आहे. गडबड आहे ती साठा कुठं आहे आणि झाकलेला आहे का, यात.

माणशी रोज ४ लिटर धरा, पिणं आणि जुजबी स्वयंपाक मिळून. चौघांचं घर, १४ दिवस, म्हणजे २२४ लिटर. एक २०० लिटरचा बॅरल आणि दोन कॅन. मे महिना असेल तर यात निदान चौथाई भर घाला. हे पाणी निवाऱ्याच्या खोलीत किंवा तिच्या दारात हवं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी त्या दिवशी वापरायची नाही असं समजूनच चाला, कारण झाकण उघडून बघायला कुणीतरी वर जाणार.

टाकीच्या झाकणाचं तर बोलायलाच नको. आमच्या गल्लीत मी सतरा टाक्या पाहिल्या. नऊंना झाकण नव्हतं, दोनांवर फरशी ठेवलेली, एकीवर जुना तवा. झाकण असलेल्या टाकीतलं पाणी धुळीनंतरही चालतं. उघड्या टाकीतलं पिऊ नये. झाकण आणून तारेनं बांधायला अर्धा तास लागतो, या रविवारी करून टाका.

नेहमीची चूक: "उकळून पिऊ." उकळल्यानं जंतू मरतात, किरणोत्सार जात नाही. पाणी आटतं तसं उरलेलं जास्तच दाट होतं.

बोअरचं किंवा हापशाचं पाणी जमिनीखालून येतं, त्याला धुळीची भीती जवळपास नसते. वीज गेली तर बोअर बंद पडेल, हापसा चालेल. तुमच्या भागातला चालू हापसा कुठं आहे, हे माहीत करून घ्या. मात्र त्याच्याकडं जायचं ते टप्पा ८ मधला वेळेचा हिशोब बघूनच.

## टप्पा ३: न शिजवता खाता येईल असं

चूल, शेगडी, स्टोव्ह, जनरेटर बंद खोलीत पेटवायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणून खाणं असं हवं की ज्याला जाळ लागत नाही.

बाहेरगावचे लोक यासाठी डबाबंद वस्तू शोधत बसतात. आपल्याकडं कडक भाकरी आहे. पूर्ण कडक करून, थंड झाल्यावर हवाबंद डब्यात भरली तर महिना-दोन महिने राहते. जोडीला शेंगाचटणी, फुटाणे, चुरमुरे, गूळ, शेंगदाण्याचे लाडू, खजूर, दूध पावडर. एक गोष्ट ध्यानात ठेवा: शेंगाचटणीनं तहान वाढते. पाणी मोजून प्यायच्या दिवसांत चटणीवर ताव मारू नका, गूळ-शेंगदाणे जास्त ठेवा. म्हाताऱ्या माणसांना कडक भाकरी भिजवूनच द्यावी लागते, त्याचं पाणी वेगळं धरा. डब्यावर तारीख लिहा, दीड महिन्यानं खाऊन टाका, नवा भरा.

बाकी सामान भराभर सांगतो. बी.पी., शुगर, थायरॉईड, दम्याची औषधं महिन्याची. इन्सुलिन असेल तर फ्रीज बंद पडेल हे धरून लहान माठ तयार ठेवा: माठात ओली वाळू, वाळूवर झाकणाच्या डब्यात इन्सुलिन, माठाला बाहेरून ओलं फडकं. झाकणाची बादली, कचऱ्याच्या जाड पिशव्या आणि राख किंवा चुना, म्हणजे संडासाची सोय. दोन टॉर्च. बायकांचं महिन्याचं सामान, लेकराचे लंगोट. रोख पैसे, कारण यूपीआय चालेलच असं नाही.

आयोडीनच्या गोळीबद्दल: पोटॅशियम आयोडाईड फक्त गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतं. बाकी शरीराला त्याचा काही उपयोग नाही. लहान मुलं आणि गरोदर बाया यांना त्याची गरज जास्त, चाळिशीपुढच्यांना सहसा देत नाहीत. प्रशासनानं सांगितलं तरच आणि सांगितलेल्या मात्रेतच घ्यायची. जखमेला लावायचं टिंचर आयोडीन पिणं म्हणजे विष पिणं. आयोडीनयुक्त मीठ मूठभर खाऊन फक्त उलटी होते.

## टप्पा ४: बातमी कशी मिळेल

सेलवर चालणारा साधा रेडिओ घ्या आणि सेल बाहेर काढून, वेगळे गुंडाळून ठेवा. आकाशवाणी सोलापूर आधीच लावून बघा, आतल्या खोलीत पकडतं का ते कळेल. खूप उंचीवर स्फोट झाला तर विजेच्या तारांमधून मोठा झटका येतो. १९६२ मध्ये अमेरिकेनं प्रशांत महासागरावर अशी चाचणी केली तेव्हा सुमारे चौदाशे किलोमीटरवर हवाईत रस्त्यावरचे दिवे गेले होते. त्यामुळं रेडिओ प्लगमध्ये खोचून ठेवायचा नाही.

सायरन वर-खाली होत वाजत राहिला तर धोका. एकसुरात लांब वाजला तर धोका टळला. मुलांना तोंडानं आवाज काढून शिकवा, एकदा हसतील, पण विसरणार नाहीत.

फोन लागला नाही तर संदेश पाठवून बघा, गर्दीतही तो बऱ्याचदा जातो. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. "काय झालं" हे विचारायला मात्र हे नंबर फिरवू नका.

## टप्पा ५: घरातला करार

सगळ्यात जास्त माणसं इथं चुकतील असं मला वाटतं, कारण इथं डोकं नाही, काळीज चालतं. मूल शाळेत आहे, नवरा पाळीवर आहे, आई देवळात गेली आहे. स्फोटानंतरचा पहिला तास म्हणजे धूळ सगळ्यात जहाल असण्याचा काळ, आणि नेमकं तेव्हाच आपण स्कूटर काढणार.

करार असा: जो जिथं आहे, तिथल्या जवळच्या पक्क्या इमारतीत शिरेल आणि २४ तास तिथंच राहील. कुणी कुणाला आणायला जाणार नाही. शाळेची इमारत बहुतेक वेळा आपल्या घरापेक्षा मोठी आणि जड असते. मुलाला हे आधीच सांगा: "मी लगेच येणार नाही, उद्या येईन, तोवर बाईंच्या जवळ बस." हे वाक्य म्हणताना माझ्या बायकोचा आवाज फुटला होता. तरी म्हणून ठेवलं.

तपासा: एक रंगीत तालीम करा. मी केली तेव्हा तीन मिनिटांत सगळे माजघरात, दारं बंद, मी खूश. मग आईनं विचारलं, "हा गार वारा कुठनं येतोय?" कूलर चालूच होता. बाहेरची हवा ताट्यांतून ओढून आम्ही थेट अंगावर घेत होतो.

## टप्पा ६: झगझगाट झाला, पुढची १५ मिनिटं

क्रमानंच करा.

१. बघू नका. डोळे मिटा, तोंड फिरवा. त्या उजेडाकडं पाहिलं तर काही काळ दिसेनासं होतं, कधी कायमचंही.
२. पालथे पडा, भिंतीच्या किंवा कट्ट्याच्या आडोशाला, हात अंगाखाली, तोंड झाकलेलं. उजेड आधी येतो, दणका नंतर. आवाजाला किलोमीटरमागं साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे ३० किलोमीटरवरचा स्फोट दीड मिनिटानं पोचतो. दोन मिनिटं उठू नका.
३. खिडकीशी जाऊ नका. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली. लोक उजेड बघायला खिडकीशी आले आणि मागून आलेल्या दणक्यानं काचा फुटल्या. दीड हजारांच्या आसपास माणसं दवाखान्यात गेली, बहुतेक काचेनं कापलेली. तो अणुबॉम्बही नव्हता.
४. उठा आणि ठरलेल्या जागी जा. जवळच्या स्फोटाची धूळ खाली यायला साधारण १०-१५ मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुमच्या हातात आहे. इमारत मोडकळीस आली असेल तर शेजारच्या पक्क्या इमारतीत.
५. कूलर, एसी, एक्झॉस्ट बंद. खिडक्या, दारं लावा. छताचा पंखा चालेल, तो आतलीच हवा फिरवतो.
६. वेळ लिहा. भिंतीवर खडूनं, स्फोट किती वाजता झाला. पुढचा सगळा हिशोब यावर आहे.

स्फोट दूर पुण्याकडं झाल्याची बातमी कळली तर घाई कमी आहे. ताशी ५० किलोमीटरचा वारा धरला तरी धूळ इथं यायला पाच तास लागतील. तेवढ्यात पाणी आत घ्या, जनावरं गोठ्यात बांधा, कडबा झाका. गच्चीवरच्या झेंड्यावरून वाऱ्याची दिशा ठरवू नका. धुळीचा ढग दहा-पंधरा किलोमीटर उंच जातो आणि तिथला वारा वेगळाच असतो. पावसाळ्यात तर आपल्याकडं खाली पश्चिमेचा आणि खूप वर पूर्वेचा, अगदी उलटा.

सावध: खोली चिकटपट्टीनं ठार बंद करू नका. दाराखाली ओला टॉवेल पुरे, तेवढे टॉवेल सोलापुरात नसतील तर कुठं असतील. उन्हाळ्यात चार माणसं बंद खोलीत असली की घामानं, गुदमरून जीव जाईल. त्रास व्हायला लागला तर बोळाकडचं, आतल्या बाजूचं दार किलकिलं करा. उष्माघातानं माणूस त्याच दिवशी दगावतो.

## टप्पा ७: बाहेरून आलेला माणूस

तो धुळीत होता असं धरूनच चाला. ही धूळ संसर्गासारखी नसते, त्या माणसाला हाकलू नका. दारातच, आत यायच्या आधी, वरचे कपडे आणि चपला काढायला लावा. एवढ्यानंच बरीचशी धूळ जाते, ८०-९० टक्क्यांपर्यंत. कपडे न झटकता पिशवीत, पिशवीला गाठ, निवाऱ्यापासून लांबच्या कोपऱ्यात.

मग साबण आणि पाणी. घासायचं नाही, कातडी सोलवटली तर धूळ आत जाते. केसांना शाम्पू चालेल, कंडिशनर नको, त्यानं धूळ केसाला धरून राहते. तेलही नको. पाणी नसेल तर ओल्या फडक्यानं तोंड, हात, कान, मान पुसा, नाक शिंकरा. फडकं पुन्हा बुचकळून वापरायचं नाही.

त्याला उलटी झाली तर किती वाजता झाली ते लिहून ठेवा. स्फोटानंतर किती तासांनी उलटी झाली यावरून डॉक्टरला पुष्कळ कळतं. भीतीनंही उलटी होते, तेव्हा एका उलटीनं धीर सोडू नका.

## टप्पा ८: घड्याळ

नियम सोपा आहे. वेळ सातपट झाला की मारा दहापट उतरतो. स्फोटानंतर एका तासाला बाहेर १००० असेल, तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी म्हणजे दोन दिवसांनी १०, आणि चौदा दिवसांनी १.

यातून कळतं की पहिले २४ तास बाहेर अजिबात पाऊल टाकायचं नाही. बादली रिकामी करायला नाही, म्हशीला पाणी दाखवायला नाही. दोन दिवसांनंतर अगदी अडलं तर, तोंडाला फडकं बांधून, पाच-दहा मिनिटांत परत, आणि आल्यावर टप्पा ७. रेडिओवर वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका, त्यांच्याकडं मोजायची यंत्रं आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्याला जवळची तुकडी पुण्याची आहे, ती पोचायलाही वेळ लागेल.

मोठी चूक: जागतिक युद्धात एकच बॉम्ब पडेल असं धरून चालणं. नवा स्फोट झाला, नवी धूळ आली, की घड्याळ पुन्हा शून्यावर. भिंतीवर जुनी वेळ खोडा, नवी लिहा. तिसऱ्या दिवशी "आता झालं" म्हणून बाहेर पडलेला माणूस इथंच फसतो. पाऊस आला तर तोही धूळ खाली आणतो, पहिल्या सरीत भिजायला जाऊ नका.

## टप्पा ९: बाहेर पडल्यावर

गच्ची झाडायची नाही. कोरड्या झाडूनं धूळ पुन्हा नाकात जाते. पाणी मारून उताराला काढा, वाहतं पाणी हौदाकडं किंवा बोअरकडं जाणार नाही हे आधी बघा. पावसाळी पाणी हौदात घेणारी नळी असेल तर ती आधी काढा.

उघड्यावर चरलेल्या जनावराचं दूध लेकरांना देऊ नका. किरणोत्सारी आयोडीन गवतातून दुधात येतं. आठ दिवसांनी ते निम्मं होतं, त्यामुळं दीड-दोन महिने दूध पावडरवर काढा. हिरवी भाजी, कोथिंबीर, पेरू यांना पहिले काही आठवडे हात लावू नका. बंद पाकीट बाहेरून ओल्या फडक्यानं पुसून उघडा. पोत्यातली ज्वारी चालते.

जनावरांच्या वैरणीची काळजी करणाऱ्यांसाठी: कडब्याची गंजी झाकली नव्हती तरी सगळी वाया जात नाही. धूळ वरच्या आणि कडेच्या पेंढ्यांवर बसते. तोंडाला फडकं बांधून त्या पेंढ्या न झटकता उचला, गोठ्यापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला खड्ड्यात टाकून मातीनं झाका, आणि मग गंजीच्या पोटातला कडबा जनावरांना घाला.